आमचा माळ आणि डेहराडूनचा मेसेज

(या भागाचा लेखी मजकूर. बोलण्यातली पुनरुक्ती आणि मध्येच वाजलेला फोन काढून टाकलाय, बाकी बरंचसं जसंच्या तसं.)

आज पाहुणा कुणी नाही, मी एकटाच बोलणार आहे. विषय उपग्रह आणि मोबाइलवरच्या मेसेजपासून सुरू होईल आणि गवतावर जाऊन पोचेल. ज्यांना गवताचा कंटाळा आहे त्यांनी आत्ताच ठरवा.

लहानपणी शाळेच्या मैदानात तो डोंगराला आग लागल्याचा खेळ तुम्ही सगळ्यांनी खेळला असणार. गोल गोल पळायचं, आकडा ओरडला की तेवढ्यांचे घोळके करायचे, उरेल तो बाद. मी तो सारोळ्याला खेळलो. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरा नदीचा पूल लागतो बघा, पूल ओलांडला की शिरवळ, म्हणजे सातारा जिल्हा. पुलाच्या अलीकडे आम्ही, तालुका भोर. तर मार्च महिन्यात खेळता खेळता मान वर केली की लांबचा कुठला तरी डोंगर खरोखरच पेटलेला असायचा. रात्री तर त्याची पिवळी माळ दिसायची, दिवाळीत लाइटिंग केल्यासारखी. आम्हाला ते छान वाटायचं. आग बघून कुणी पळतंय असं मी कधी पाहिलं नाही. खेळातच काय ते पळायचे.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि मी लॅपटॉप घेऊन गावी आलो. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. काम व्हायचं, पण रात्री झोप यायची नाही. अशाच एका रात्री मला नासाची फर्म्स नावाची वेबसाइट सापडली. जगात कुठे कुठे आग लागली आहे ते त्यावर लाल ठिपक्यांत दिसतं, फुकट. मी आधी ऑस्ट्रेलिया बघितला, मग ॲमेझॉन बघितलं, आणि मग आपण सगळे करतो तेच केलं, म्हणजे आपलं गाव शोधलं. भोर आणि वेल्हे, ज्याला आता राजगड तालुका म्हणायचं, या दोन तालुक्यांवर एवढे ठिपके होते की मला वाटलं नकाशा बिघडला. मी खिडकी उघडली. नदीपलीकडे डोंगरावर पिवळी माळ होती. ठिपका बरोबर होता.

तिथून मी फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडियाच्या वेबसाइटवर गेलो. मराठीत भारतीय वन सर्वेक्षण. ही संस्था १ जून १९८१ ला सुरू झाली, मुख्यालय डेहराडूनला, केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाखाली. दर दोन वर्षांनी देशात जंगल किती वाढलं, किती घटलं याचा जो अहवाल येतो आणि त्यावरून पेपरात भांडणं होतात, तो अहवाल हेच लोक काढतात. पण त्यांचं दुसरं एक काम फार कमी जणांना माहीत असतं. २००४ पासून ते उपग्रहावरून वणवे शोधून राज्यांच्या वनविभागांना कळवतात. आणि त्या सूचना फक्त अधिकाऱ्यांना मिळतात असं नाही. तुम्ही-आम्हीही नाव नोंदवू शकतो. आपला भाग निवडायचा, मोबाइल नंबर द्यायचा. मी नंबर दिला. मला वाटलं, आता गावात आग लागली की डेहराडून मला उठवणार. पोराटोराला वाटावं तसा आनंद झाला होता मला.

हे चालतं कसं ते जरा सांगतो, कारण पुढची सगळी गंमत त्यातच आहे. सुओमी एनपीपी नावाचा उपग्रह आहे, २०११ मध्ये सोडलेला. त्याच्यावर व्हिर्स नावाचं उपकरण आहे, ते जमिनीची उष्णता बघतं. त्याच्या एका चौकोनाची बाजू ३७५ मीटर, म्हणजे एक ठिपका साधारण १४ हेक्टरचा, आपल्या भाषेत ३५ एकर. त्या ३५ एकरात आग कुठेही असू शकते, ठिपका मात्र मध्यावर पडतो. हैदराबादजवळ शादनगरला इस्रोचं केंद्र आहे, ते ही माहिती उतरवून घेतं, तिथून ती डेहराडूनला जाते. डेहराडूनला ठिपके जंगलाच्या नकाशावर ठेवतात, कुठल्या वनपरिक्षेत्रात, कुठल्या बीटात पडतात ते बघतात आणि मेसेज सोडतात. बीट म्हणजे एका वनरक्षकाचा इलाखा. खालच्या माणसापर्यंत अक्षांश-रेखांशासकट निरोप पोचतो. सरकारी यंत्रणेत एवढी साधी आणि एवढी उपयोगी गोष्ट मी तरी दुसरी पाहिलेली नाही. मला मेसेज यायलाही लागले. वेल्ह्याकडचे आले, भोरच्या पश्चिमेकडचे आले. आमच्या माळाचा एकही नाही. मी समजलो, आमचा माळ पेटत नाही.

आता ११ मार्च २०२३. शनिवार होता, होळी होऊन चार-पाच दिवस झालेले. मी गावीच होतो. संध्याकाळी साडेपाचला आप्पांचा फोन. आप्पा म्हणजे माझे चुलते. एवढंच म्हणाले, "माळ पेटलाय, ये."

आमच्या शिवाराच्या वरच्या अंगाला माळ आहे आणि त्याच्यामागे एक उघडी टेकडी. तिला नाव नाही, आम्ही नुसतं 'माळ' म्हणतो. भाऊबंदांच्या मालकीची जमीन, थोडं गायरान. दगड, कुसळी गवत, चार बोरी, हिवर, मधूनमधून पळस. आप्पांनी तिथे उताराला १२० केशर आंब्याची रोपं लावली होती, तिसरं वर्ष चालू होतं. ड्रमनं पाणी वाहून जगवलेली. आणि त्या वेळी खालच्या पडीक रानात एका धनगर कुटुंबाचा वाडा उतरला होता. वाघर लावलेली, आत कोकरं.

गवताची आग मी जवळून कधी बघितलेली नव्हती. आवाज येतो. तडतड नाही, लांबून ट्रक येतोय तसा. वारा वरून खाली फिरला की धूर असा अंगावर येतो की दोन हातांवरचा माणूस दिसत नाही. आम्ही आठ-नऊ जण होतो. निरगुडीच्या आणि करंजाच्या ओल्या फांद्या तोडायच्या आणि ज्वाळेच्या मुळाशी झोडपायचं. वरून झोडपलं तर ठिणग्या उडतात आणि तुमच्या मागे पेटतं. हे मला तिसऱ्या चुकीनंतर कळलं. धनगराच्या बाईनं कोकरं आधी काढली, एकेका काखेत दोन-दोन, मग वाघर गुंडाळली, मग पातेली. त्या घाईतसुद्धा तिला काय आधी आणि काय मागनं ते पक्कं माहीत होतं. मी मोबाइलच्या टॉर्चनं कुणाला तरी उजेड दाखवत होतो आणि दर पाच मिनिटांनी मेसेज आला का बघत होतो. खरं सांगतो. हसा.

कुणीतरी १९२६ ला फोन लावला, वनविभागाची हेल्पलाइन आहे. सव्वासातला वनरक्षक मॅडम आल्या, दोन वनमजूर आणि पाठीवर बांधायचा ब्लोअर घेऊन. दुसरीकडची आग विझवून तशाच आल्या होत्या, भुवया जळालेल्या. मी म्हटलं, मॅडम, हे तुमच्या हद्दीत येतं का? त्या म्हणाल्या, "हद्दीत नाही. पण वारं हद्द बघत नाही, इथून दोन डोंगर गेलं की माझंच रान आहे." ब्लोअरनं पाचोळा उडवून त्यांनी एक पट्टा मोकळा केला, तिथून उलटी आग सोडली, आणि साडेनऊपर्यंत सगळं थंड झालं.

सकाळी मोजलं. १२० पैकी ४७ आंबे गेले. बाकीच्यांचे शेंडे भाजलेले, पण खालून फुटतील असं आप्पा म्हणाले. टिटवीची एक जोडी एकाच जागी घिरट्या घालत होती. टिटवी काय, चंडोल काय, मार्चपासून जमिनीवरच अंडी घालतात. आणि ओघळीच्या तोंडाशी दगडाच्या कपारीत एक घोरपड होती, अर्धी आत, अर्धी बाहेर. शेपटाकडचा भाग भाजलेला, मेलेली. पुढे त्याच आठवड्यात राज्यभर अवकाळी पाऊस झाला, आमच्याकडेही झाला, आणि माळावरची राख काळ्या पाण्यानं ओढ्याला आली. एक दिवस ओढा शाईसारखा वाहिला.

मेसेज आला नाही. मी सोमवारी ऑफिसच्या कामाऐवजी तेवढंच शोधत बसलो. दोन कारणं मिळाली, आणि दोन्ही कुणाचा आळस नाहीत, हे मला आधी सांगायचंय.

पहिलं वेळेचं. हे उपग्रह आपल्या डोक्यावरून ठरलेल्या वेळी जातात. व्हिर्सवाले साधारण दुपारी दीड-दोनला आणि रात्री दीड-दोनला. जंगलातली आग दोन-दोन दिवस धुमसते, ती सापडते. गवत तसं नाही. आमची आग साडेपाचला लागली आणि साडेनऊला विझली. उपग्रहाच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये सगळा खेळ खलास. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर बारा तासांनी एकदा लॉग बघायचा आणि चार तासांत सर्व्हर पडून परत उभा राहिला, तर तुमच्या रिपोर्टमध्ये सगळं हिरवंच दिसणार.

दुसरं कारण मोठं आहे. समजा आमची आग दुपारी दीडला लागली असती आणि ठिपका पडलाही असता, तरी तो मला वन सर्वेक्षणाकडून आला नसता. कारण डेहराडूनला ठिपके जंगलाच्या नकाशावर ठेवतात आणि बाहेरचे गाळून टाकतात. यात चूक काही नाही. आमच्याच भागात ऊस तुटला की पाचट पेटतं, गहू निघाला की काड पेटतं. ते सगळे ठिपके वनरक्षकाला पाठवायला लागले तर आठवड्यात तो फोन बंद करून ठेवेल. मीही तेच केलं असतं, गाळणी लावली असती. फक्त त्या गाळणीतनं पाचटाबरोबर आमचा माळही खाली पडतो.

मग मी हे बघायला लागलो की सरकारच्या कागदात आमचा माळ नेमका काय म्हणून आहे. वन सर्वेक्षणाच्या अहवालात एक हेक्टरपेक्षा मोठी जागा आणि १० टक्के किंवा जास्त झाडांची सावली असेल तर ते वनाच्छादन, मग मालकी कुणाचीही असो. आमच्या माळावर दहा टक्के सावली नाही. नसायलाच हवी, तो माळ आहे. केंद्राचा दुसरा एक दस्तऐवज आहे, पडीक जमिनींचा नकाशासंग्रह. त्यात देशातले असे कितीतरी गवताळ माळ पडीक म्हणून रंगवलेत. आणि तिसरा कागद घरातच होता. सातबारा. आप्पांच्या गटात वरच्या तुकड्याला लिहिलंय पोटखराबा. पोटखराबा म्हणजे पिकाला नालायक भाग, त्याला आकार नाही. म्हणजे वनवाल्यांच्या लेखी जंगल नाही, महसूलवाल्यांच्या लेखी शेत नाही. गवत हा शब्द मला तिन्हींत सापडला नाही.

आता ती घोरपड. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघ आहे, आणि त्याच अनुसूचीत मोर आहे, घोरपडही आहे. कायदा असं म्हणत नाही की घोरपड राखीव वनात असली तरच घोरपड. ती आप्पांच्या पोटखराब्यात असली तरी तिला मारणं हा गुन्हाच. कुणी गोफणीनं मारली असती तर पंचनामा झाला असता. गवत पेटवल्यामुळे मेली, तर तिची नोंद कुठल्या रकान्यात करायची? मॅडमना विचारलं. त्या काहीच बोलल्या नाहीत, फक्त कपारीजवळ जाऊन बघून आल्या. बराच वेळ उभ्या होत्या तिथे.

पैशाचंही तसंच. २०१७-१८ पासून केंद्राची वणवा प्रतिबंध आणि व्यवस्थापनाची योजना आहे, आपल्यासारख्या राज्यात केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के. त्यातून जाळरेषा काढणं, हंगामी पहारेकरी, ब्लोअर वगैरे गोष्टी होतात. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आपल्याकडे आगीचा हंगाम धरतात, त्याच्या आधी वनहद्दीच्या कडेनं गवत काढून पट्टे मोकळे करायचे, ती जाळरेषा. वनहद्दीच्या कडेनं. माळाला हद्दच नाही तर रेषा कुठे काढणार.

आमच्या तालुक्यात पर्यावरण म्हटलं की सगळ्यांची मान पश्चिमेला वळते. घाट, दाट रान, पाऊस. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचे मार्च २०१४ पासून जुलै २०२४ पर्यंत सहा मसुदे निघाले, त्यावर सभा झाल्या, हरकती झाल्या. तो वेगळा विषय आहे, त्यावर एक भाग होईल. पण पूर्वेचे हे उघडे माळ त्या भांडणातसुद्धा येत नाहीत. आणि गवताळ माळ राखता येत नाही असं मुळीच नाही. आमच्याकडून दीडएक तासावर बारामती तालुक्यात सुपे आहे. तिथे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ ला जाहीर झालं, केवढं, तर फक्त ५.१४ चौरस किलोमीटर. चिंकारासाठी. जाऊन बघा, आमच्या माळासारखाच दिसतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा गाडी वळवून परत निघालो होतो, मला वाटलं अभयारण्य पुढे असेल.

बरं, आता सगळ्यात अवघड भाग. आग लावली कुणी?

गावात पहिल्या दिवशी तीन नावं निघाली. हायवेवरून कुणीतरी बिडी टाकली. धनगरांनी लावली. पोरांनी लावली. धनगरांनी लावली म्हणणाऱ्याला मी विचारलं, स्वतःची कोकरं आत असताना? तो गप्प बसला, पण पटलं नव्हतं त्याला. तिसऱ्या दिवशी जेवताना आप्पाच म्हणाले, "आरं, दरसाल आपणच लावत आलोय की. औंदा दुसऱ्यानं लावली एवढंच."

आणि ते खरं आहे. मी सहावीत असताना आजोबांबरोबर माळावर गेलो होतो आणि काडी मी ओढली होती. त्यांनी पेटी माझ्या हातात दिली, वारा बघून कुठे उभं राहायचं ते दाखवलं. माझ्या लहानपणीच्या चांगल्या आठवणींतली ती एक आहे, आणि ती मी बदलू शकत नाही. नवीन झाडं लावायला सुरुवात झाल्यावर आप्पांनी स्वतःपुरतं पेटवणं थांबवलं. शेजारच्या गटात आंबे नाहीत. त्यानं का थांबवावं?

जाळल्यानं गवत चांगलं येतं ही समजूत अडाणीपणाची आहे असं शहरात सरसकट बोललं जातं. मला ते पटत नाही. जाळल्यावर महिनाभरात बुडख्यातून कोवळं हिरवं फुटतं, हे कुणीही बघू शकतो. जनावर त्यावर तुटून पडतं. उन्हाळ्यात हिरव्याचा एक घास मिळणं ही काय चीज आहे हे म्हैस सांभाळणाऱ्याला विचारा. चूक त्याच्या पुढे आहे. आमच्या माळावर कुसळी जास्त. कुसळीचं बी तुम्ही पायमोज्यातून उपटलं असेल. त्याला पुढे टोक आणि मागे पिळाची शेपटी असते. ओल लागली की पीळ उलगडतो आणि बी स्क्रूसारखं मातीत शिरतं. मग वरून आग गेली तरी बी खाली सुरक्षित. मारवेल, पवना, ही जी जनावराच्या आवडीची गवतं, ती दरसाल जाळली आणि वर चारलीही, तर मागे पडत जातात. कुसळी मागे पडत नाही. आता बघा. कुसळ धरलं की गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून वाळलेली कुसळी तशीच उभी राहते, म्हणून लोक ती जाळतात, जाळली की पुढच्या साली कुसळीच जास्त येते. आम्ही प्रोग्रॅमिंगमध्ये ज्याला कधी न संपणारं लूप म्हणतो, ते हे. फक्त प्रत्येक फेरीला पहिल्या पावसात थोडी माती खाली जाते. आजोबांच्या वेळी वरच्या टप्प्यावर नाचणी व्हायची म्हणतात. आता तिथे कातळ उघडा आहे.

हे मी आप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग कुसळ यायच्या आधी काप की." म्हणजे माझ्या दोन रात्रींच्या वाचनाचं सार त्यांना आधीच ठाऊक होतं. अडचण ज्ञानाची नव्हती, मजुरीची होती. ऑक्टोबरात माळाचं गवत कापायला माणूस कुठून आणायचा? शिरवळच्या कंपन्यांत पोरं जातात, बायका भुईमुगाला, सोयाबीनला. काडी स्वस्त पडते.

मग आम्ही काय केलं ते सांगतो, फार काही नाही. मी आधी माझ्या स्वभावाप्रमाणे प्रोग्रॅम लिहिला. नासाची माहिती थेट घ्यायची, जंगलाची गाळणी न लावता आमच्या शिवाराचा चौकोन टाकायचा, ठिपका पडला की ग्रुपवर मेसेज. दोन रात्री जागून केला. तिसऱ्या दिवशी कळलं की फर्म्सवरच आपण आपला चौकोन आखून दिला तर ते स्वतःच ईमेल पाठवतात. दोन रात्री पाण्यात. पहिल्या महिन्यात जे ईमेल आले ते सगळे पाचटाचे होते. डेहराडूनवाले गाळणी का लावतात ते मला तेव्हा अंगावर आल्यासारखं कळलं.

खरं काम जानेवारी २०२४ ला झालं. माळाला लागून ज्यांचे गट आहेत अशी सात घरं. पाणंदीपासून ओघळीपर्यंत गवत कापून, उरलेलं बुडखं खरवडून, चार-पाच मीटर रुंदीचा पट्टा. मॅडमनी येऊन कुठून कसा न्यायचा ते दाखवलं, हद्द नसताना. कापलेलं गवत ज्याच्या जनावराला हवं त्यानं न्यायचं. शेजारच्या गटवाल्याला आप्पांनी सांगितलं, तू पेटवू नको, तुझ्या वाटणीचं गवत आम्ही कापून तुझ्या गोठ्यावर टाकतो. तो एक वर्ष पेटवणार नाही म्हणाला. एकच वर्ष. मग पुढच्या वर्षी परत सांगायला जावं लागलं. परत जावं लागणार.

यंदा मार्चमध्ये दुपारी पावणेएकला रस्त्याकडून आग आली. वरच्या अंगाला पट्ट्यापाशी आपोआप बसली, आम्ही पोचायच्या आत. पण ओघळीत दगडांमुळे पट्टा नीट निघाला नव्हता, तिथून दहा-बारा हातांच्या जागेतून आत शिरली आणि नऊ आंबे गेले. अडीचपर्यंत विझली. आम्ही बोरीखाली चहा पीत बसलो होतो. सव्वाचारला माझा फोन वाजला. ईमेल.

आप्पा म्हणाले, "आली का चिठ्ठी?"

मी वाचून दाखवलं. अक्षांश, रेखांश, वेळ, उपग्रहाचं नाव, आणि खात्री मध्यम. आप्पांनी विचारलं, "आपला माळ म्हणून लिहिलंय का त्यात?" म्हटलं नाही, नुसते आकडे आहेत.

त्यावरून एक गोष्ट सुचली आणि सध्या तीच चालू आहे. २००२ चा जैवविविधता कायदा आहे, त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला लागते. हरित लवादानं २०१९ मध्ये राज्यांना मुदत घालून दिली, ३१ जानेवारी २०२०, आणि त्यानंतर महिन्याला दहा लाखांचा दंड, तेव्हा देशभर या नोंदवह्यांची धावपळ झाली होती. धावपळीत काय होतं ते आपण जाणतो. पण त्या नोंदवहीत एक चांगलं आहे. तिच्यात दहा टक्के सावलीची अट नाही. गावातल्या लोकांना जे माहीत आहे ते त्यांच्या नावानं लिहायचं, आणि ती कधीच पूर्ण झाली असं नसतं, भर घालत राहायची असते. म्हणून मी आणि काकू माळावरच्या गवतांची यादी करतोय. काकूंनी आयुष्यभर भारे वाहिलेत, त्यांना गवत हाताला कळतं, मला फोटो काढून पण कळत नाही. कुसळी, पवना, मारवेल, शेडा, कुंदा, हरळी, असं करत चौदा झालीत. कुठलं कधी फुलतं, कुठलं म्हैस खाते आणि गाय खात नाही, कुठल्यात टिटवी बसते. दोन गवतांची नावं मात्र कुणालाच आठवत नाहीत. काकू म्हणतात त्यांच्या सासूला माहीत होती. ती दोन वाळवून वर्तमानपत्रात दाबून ठेवली आहेत, धनगरांचा वाडा दिवाळीनंतर परत उतरेल तेव्हा त्या बाईला दाखवायची आहेत.